मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप ठेवणार कुठं?

पत्र थोडक्यात असं: जुळे सोलापुरातल्या एका ताईंना घरासाठी मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप घ्यायचाय. यजमान टॉवेल कारखान्यातून दिवाणजी म्हणून निवृत्त झाले. आता घरी बसून दोन-तीन लहान कारखानदारांची टॅली आणि जीएसटीची कामं बघतात. घरातला डेस्कटॉप बारा वर्षांचा आहे आणि रडतखडत चालतो. त्याचा साडेअठरा इंची मॉनिटर लहान पडतो, म्हणून यजमान मान पुढं काढून बसतात आणि संध्याकाळी मान आखडते. मुलगी बारावी सायन्सला आहे, पुढं इंजिनीअरिंगचा विचार आहे. सासूबाईंना दुपारी यूट्यूबवर कीर्तन लागतं आणि रविवारी बेंगळुरूच्या धाकट्या मुलाशी व्हिडिओ कॉल. ताईंची भिशी लागली, त्याचे ६५ हजार हातात आहेत. पुण्यातला भाचा म्हणतो, ‘मावशी, १७.३ इंची गेमिंग लॅपटॉप घे, दहा वर्षं बघायला नको.’ नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, १५.६ घ्या, सगळे तेच नेतात. यजमान म्हणतात, आहे त्या कॉम्प्युटरलाच मोठा मॉनिटर लावू. ताई विचारतात: ‘सगळ्यांना पुरेल, डोळ्यांना त्रास देणार नाही आणि लवकर जुना होणार नाही, असा कोणता घ्यावा? मला स्वतःला काही फार लागत नाही. कडक भाकरी-शेंगा चटणीच्या ऑर्डरी मोबाईलवरच येतात.’

ताई,

दुकानात जायची घाई असेल तर आधी उत्तर घ्या. १७.३ इंची घेऊ नका. १५.६ किंवा १६ इंची साधा, बरा लॅपटॉप घ्या आणि यजमानांच्या टेबलावर २४ इंची वेगळा मॉनिटर ठेवा. दोन्ही ६५ हजारांत बसवता येतात. असं का म्हणते, ते आता निवांत सांगते.

तुमच्या पत्रात इंचांची चर्चा भरपूर आहे, टेबलाचा उल्लेख मात्र कुठंच नाही. लॅपटॉप कुठं ठेवणार, त्याच्यासमोर कोण किती वेळ बसणार, हे ठरलं की निम्मे इंच आपोआप ठरतात. भाचा सांगतोय ते त्याच्या पुण्यातल्या टेबलापुरतं बरोबर असेलही. पण तुमच्या पत्रातला एक आकडा त्याच्या नजरेतून सुटलाय. यजमानांना जो मॉनिटर लहान पडतो तो साडेअठरा इंची आहे. १७.३ इंची लॅपटॉप त्याच्याहून लहान आहे की हो!

शिलाई मशीनवरचा टेप काढा. स्क्रीनचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, त्यामुळं नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. तुमचा आताचा मॉनिटर साधारण ४१ सेंटिमीटर रुंद आणि २३ उंच भरेल. १७.३ इंची लॅपटॉपचा स्क्रीन ३८ रुंद आणि साडेएकवीस उंच. १५.६ चा साडेचौतीस रुंद आणि साडेएकोणीसच्या आतबाहेर उंच. आणि २४ इंची मॉनिटर? ५३ रुंद, ३० उंच. म्हणजे १५.६ वरून १७.३ वर जाताना जेमतेम चार सेंटिमीटर रुंदी मिळते, आणि २४ इंची मॉनिटर क्षेत्रफळानं १७.३ च्या जवळजवळ दुप्पट भरतो. रिकामं खोकं फाडून या मापांचे पुठ्ठे कापा आणि यजमानांच्या खुर्चीसमोर धरून बघा. दुकानातल्या रांगेत सगळेच स्क्रीन मोठे दिसतात, घरच्या भिंतीसमोर खरं माप कळतं.

यातच १६ इंचीची एक गंमत आहे. हल्लीचे बरेचसे १६ इंची स्क्रीन १६:१० या प्रमाणाचे असतात, म्हणजे जरा उभट. त्यांची रुंदी १५.६ एवढीच भरते आणि उंची १७.३ एवढी. टॅलीच्या नोंदी आणि एक्सेलच्या ओळी वरून खाली वाढत जातात, त्यामुळं ही उंची कामाला येते. बजेटमध्ये असा १६ इंची मिळाला तर डोळे झाकून १५.६ च्या आधी त्याचा विचार करा.

आता अक्षराकडं वळते. मोठा लॅपटॉप म्हणजे मोठी अक्षरं, हे आपण इतकं धरून चालतो की कोणी हिशेब करत नाही. दिवाणजींच्या घरात तो करायला हरकत नसावी. त्या काळच्या साडेअठरा इंची मॉनिटरवर बहुतेक १३६६ गुणिले ७६८ ठिपके असायचे. १७.३ इंची लॅपटॉपवर साधारणपणे १९२० गुणिले १०८० असतात. जास्त ठिपके आणि काच लहान, म्हणजे ठिपका बारीक आणि अक्षरही बारीक. विंडोजमध्ये स्केल नावाची सोय आहे, तिच्यानं अक्षरं, चित्रं, बटणं सगळंच वाढवता येतं. पण १७.३ वर यजमानांना आज दिसतं तेवढंच अक्षर हवं असेल तर स्केल १५० टक्क्यांवर न्यावं लागेल. तसं केलं की एका वेळी मावणारा मजकूर आजच्यापेक्षाही कमी होतो. म्हणजे ६५ हजार घालून अक्षर तेवढंच आणि ओळी कमी! तेवढ्याच ठिपक्यांच्या २४ इंची मॉनिटरवर १२५ टक्के ठेवलं तर अक्षर आजच्यापेक्षा सुमारे १५ टक्के मोठं होतं आणि ओळीही आजच्यापेक्षा जास्त मावतात. हिशेब इथंच संपतो.

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवून ‘याचं अक्षर मोठं दिसतंय’ म्हणण्याआधी दोन्हींवर स्केलचा आकडा एकच आहे का, तेवढं सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली बघा. एकावर १२५ आणि दुसऱ्यावर १५० असेल तर ती तुलनाच खोटी.

यजमानांच्या मानेचं मात्र एवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही. तुम्ही धरलंय की अक्षर लहान म्हणून मान पुढं जाते. निवृत्त गृहस्थ आहेत, म्हणजे चष्मा बहुधा दोन भागांचा किंवा प्रोग्रेसिव्ह असणार. वाचायचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतराला, ३५ ते ४० सेंटिमीटरला, बेतलेला असतो आणि वरचा लांबचं बघायला. स्क्रीन असतो ५५ ते ७० सेंटिमीटरवर, दोन्हींच्या अधेमधे. मग माणूस हनुवटी उचलतो, खालच्या काचेतून बघायला लागतो आणि नकळत पुढं सरकतो. अशा माणसासमोर ३२ इंची स्क्रीन ठेवला तरी हनुवटी वरच राहणार. उलट स्क्रीन जितका उंच, तितकी मान मागं.

म्हणून लॅपटॉपच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. यजमानांना रोजच्या खुर्चीत रोजच्यासारखं बसवा, डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून मिळतो. तो टेबलावरच ठेवायचा, गाडीवर जाताना घालायचा नाही. चष्म्याच्या दुकानात निळ्या प्रकाशाची काच घ्या म्हणून आग्रह होईल. वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या परीक्षणात या काचांनी स्क्रीनसमोरचा थकवा कमी होत असल्याचं काही आढळलं नाही, तेव्हा ते पैसे राहू द्या. नवा मॉनिटर आला की त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खालीच ठेवा. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली. जाडजूड पुस्तकांवर मॉनिटर चढवायची पद्धत चष्मेवाल्यांसाठी नव्हे.

यजमानांचं म्हणणं तसं अर्धं बरोबर आहे. मोठा मॉनिटर हवाच. पण तो बारा वर्षांच्या कॉम्प्युटरला लावून उपयोग नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. घरातली नुसती गाणी ऐकायची असती तर मी गप्प बसले असते. पण त्यावर दुसऱ्यांच्या कारखान्यांचे हिशेब आहेत, जीएसटीचे पासवर्ड आहेत, कदाचित बँकही. तो धोका पत्करू नये.

सासूबाईंचा प्रश्न सगळ्यात स्वस्तात सुटतो. तुमच्या हॉलमध्ये टीव्ही असेलच. लॅपटॉपला एचडीएमआयचं पूर्ण आकाराचं भोक आहे का ते बघून घ्या आणि चारपाचशेची वायर आणा. कीर्तन टीव्हीवर. टीव्ही स्मार्ट असेल तर लॅपटॉपचीही गरज नाही, यूट्यूब त्यातच असतं. दुपारच्या कीर्तनासाठी लॅपटॉप अडवून ठेवणं आणि त्याच वेळी यजमानांना रिटर्न भरायचं असणं, यातून घरात जे होईल ते मी लिहायची गरज नाही. दरमहा भरायच्या रिटर्नांपैकी जीएसटीआर-१ ची मुदत महिन्याच्या ११ तारखेची आणि ३बी ची २० तारखेची. त्या दोन दिवशी लॅपटॉप कोणाचा, हे आधीच ठरवून टाका.

रविवारच्या व्हिडिओ कॉलला मात्र लॅपटॉप बरा, कारण कॅमेरा त्यात आहे. पण इथं तिघं-चौघं दाटीवाटीनं एका स्क्रीनसमोर बसता, आणि कडेला बसणाऱ्याला काय दिसतं हे इंचांवर ठरत नाही. स्वस्त लॅपटॉपांत अजून टीएन जातीचे पॅनल येतात. समोरून ठीक दिसतात, जरा बाजूला सरकलं की चेहरे काळवंडतात. आयपीएस पॅनलवर कडेच्या माणसालाही रंग नीट दिसतात. दुकानात एखादा फोटो उघडून ठेवा आणि स्क्रीनच्या डावी-उजवीकडं जाऊन बघा. खाली वाकून, वरून, सगळीकडून. दुकानदार हसला तर हसू दे. उजेडाचंही तसंच. पत्रकावर ‘२५० निट्स’ लिहिलेला स्क्रीन संध्याकाळी ठीक, पण सोलापूरच्या दुपारी खिडकीजवळ बसलात तर फिका पडतो. ३०० च्या पुढं मिळाला तर घ्या. काच चकचकीत नको, मॅट हवी, नाहीतर कीर्तनकारांच्या जागी स्वतःचीच खिडकी दिसते. आणि सासूबाईंना ऐकू कमी येत असेल तर लॅपटॉपच्या आवाजावर विसंबू नका. त्याचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात. हजार-दीड हजाराचे साधे स्पीकर जोडा.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीवर फिरतो. ती बारावीला आहे. सीईटी उन्हाळ्यात, प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात. समजा पुण्यात किंवा आणखी कुठं प्रवेश मिळाला, तर ती जाताना काय घेऊन जाणार? तुम्ही घरासाठी म्हणून घेतलेला लॅपटॉप वर्षाच्या आत हॉस्टेलवर जाईल, किंवा तुम्हाला दुसरा घ्यावा लागेल. अशोक चौकातल्या वालचंद इन्स्टिट्यूटला प्रवेश झाला तरी रोज सिटी बसमधून नेणार काय? १७.३ इंची गेमिंग लॅपटॉप बहुधा अडीच किलोच्या वर जातो, त्याचा चार्जर वेगळा. तो नेहमीच्या दप्तरात बहुधा शिरत नाही. १५.६ किंवा १६ इंची पावणेदोन किलोच्या आसपास असतो आणि साध्या बॅगेत मावतो.

मॉनिटर वेगळा घेतलात की हा पेच बराच सैल होतो. ती लॅपटॉप घेऊन गेली तरी मोठा स्क्रीन घरीच राहतो, आणि यजमानांना फक्त त्याला जोडायला एक छोटा, कमी किमतीचा कॉम्प्युटर लागेल. तेव्हा खरेदीच्या आधी तिला समोर बसवून विचारा. ‘तुला काय हवंय’ असं विचारू नका, त्याचं उत्तर भाच्याच्या उत्तरासारखंच येईल. ‘तू इथं राहणार नसशील तर हा कोणाचा?’ असं विचारा. ती जाणार हे जवळजवळ पक्कंच असेल तर आत्ता मॉनिटरसोबत साधाच लॅपटॉप घ्या आणि उरलेले पैसे तिच्या वेळेसाठी बाजूला ठेवा. तिच्या शाखेला काय लागतं, हे प्रवेशानंतरच कळेल.

आता तुमच्याकडं येते. पैसे तुमच्या भिशीचे, धावपळ तुमची, पत्र तुमचं, आणि वापरणाऱ्यांच्या यादीत तुम्हीच नाही. ‘मला काही फार लागत नाही’ हे मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. ऑर्डरी मोबाईलवर येतात, ठीक. पण कोणाला किती भाकरी, किती चटणी, कधीचं पार्सल, कोणाचे पैसे राहिले, हे सगळं कुठं लिहिता? वहीत असेल तर वही चांगलीच आहे. तरी दिवाळीत आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत ऑर्डरी वाढल्या की एक्सेलमधल्या पाच रकान्यांचा तक्ता वहीच्या दहा पानांचं काम करतो. एकाच गिऱ्हाइकाचं गेल्या वर्षीचं नाव शोधायला सेकंद लागतो. तो शिकवायला दिवाणजी घरातच आहेत. मराठी टायपिंगची धास्ती नको. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच असतो. भाषेच्या सेटिंगमधून चालू केला की इंग्रजी अक्षरांत ‘bhakri’ सारखं लिहायचं, शब्द मराठीत उमटतो. तुमच्या नावाचं वेगळं खातं उघडून घ्या, म्हणजे यजमानांच्या फायलींना चुकून हात लागणार नाही आणि त्यांचा तुमच्या तक्त्याला.

भाच्याच्या ‘गेमिंग’ शब्दावर दोन वाक्यं. गेमिंग लॅपटॉपच्या किमतीतला मोठा भाग वेगळ्या ग्राफिक्स चिपला जातो. टॅली, एक्सेल, कीर्तन, व्हिडिओ कॉल यांपैकी कशालाही ती लागत नाही. आणि ती चिप तापते. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं मार्चमध्येच दुपारी पारा ३५ च्या पुढं जातो आणि मे महिन्यात ४० च्या वर ठाण मांडतो. कूलरच्या खोलीत साधा लॅपटॉप निभावून नेतो, गेमिंगवाला पंख्याचा घरघराट करत बसतो. ‘दहा वर्षं बघायला नको’ हे तर मला भाबडंच वाटतं. कुठल्याही लॅपटॉपची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, मग तो कितीचाही असो. लॅपटॉप कायम चार्जरला लावून वापरणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. बॅटरीचं आयुष्य त्यानं वाढतं.

एक गोष्ट सोलापूरकरांना खास सांगायला हवी. चादरीवर लॅपटॉप ठेवू नका, मग ती कितीही आपली असली तरी. हवा आत घ्यायची फट बहुतेक लॅपटॉपांना खालच्या बाजूला असते, जाड चादरीनं किंवा गादीनं ती बुजते. आणि यजमान अधूनमधून कारखान्यात लॅपटॉप नेणार असतील तर तिथं हवेत कापसाचे तंतू असतात. ते पंख्याच्या जाळीवर साचून थर होतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी एकदा दुरुस्तीवाल्याकडून पंखा साफ करून घ्या. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या केंद्रातूनच.

आतल्या सामानाबद्दल लवकर सांगते, कारण दुकानदार त्याबद्दल लांबलचक बोलणारच आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय ३ किंवा रायझन ३ असला तरी तुमच्या कामांना पुरतो. आय ५ किंवा रायझन ५ बजेटमध्ये बसला तर उत्तम. सेलेरॉन हा इंटेलचाच स्वस्तातला मंद प्रोसेसर, तो नको. रायझनच्या ७००० मालिकेत नावातला तिसरा आकडा बघा. ७५२०यू आणि ७५३०यू दोन्ही ‘रायझन ५’ म्हणूनच विकले जातात, पण पहिल्याची आतली रचना जुनी आहे आणि त्याच्यासोबतची रॅम बोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. रॅम १६ जीबी घ्या. बसत नसेल तर ८ चालेल, पण रिकामा स्लॉट आहे असं बिलाआधी वदवून घ्या. साठवणीला एसएसडीच हवी, ५१२ जीबी भरपूर झाली. टॅलीसाठी उजवीकडचा नंबरपॅड लागतो. १५.६ आणि १६ मध्ये तो बहुधा असतो, पण सगळ्यांत नाही. नसला तरी मॉनिटरसोबत वेगळा कीबोर्ड घेणारच आहात, त्यात येईल. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्याच. लॅपटॉपच्या बटणांवर दिवसभर नोंदी करणं मानेला आणि मनगटाला, दोघांनाही महाग पडतं.

मग १७.३ घ्यायचाच कोणी? ज्याच्याकडं कायमचं टेबल नाही, जो एकटाच वापरतो, आणि गावाकडच्या व शहरातल्या घरात तोच लॅपटॉप गाडीतून नेतो-आणतो, त्याला तो सोयीचा. वेगळा मॉनिटर ठेवायला जागाच नसेल तरीही. ऑल-इन-वन, म्हणजे मॉनिटरमध्येच बसवलेला कॉम्प्युटर, तोही काहींना आवडतो, दिसायला नेटका असतो. पण त्यातल्या बहुतेकांत बॅटरी नसते. वीज गेली की यूपीएसशिवाय काम तिथंच थांबतं. तुमच्या मांडणीत वीज गेली तर मॉनिटर बंद पडेल, लॅपटॉप चालूच राहील आणि अर्धवट नोंद वाचेल. वायफाय जाईल, तेवढ्यापुरता मोबाईलचा हॉटस्पॉट लावा.

६५ हजारांची विभागणी मी अशी करेन: मॉनिटरला दहा-अकरा हजार, कीबोर्ड-माऊस, वायर आणि स्पीकर मिळून तीन, यजमानांच्या चष्म्याला तीन-चार, उरलेले लॅपटॉपला. भाव महिन्यागणिक हलतात, तेव्हा हे तंतोतंत धरू नका. दोन-चार हजार कमी पडले तर लॅपटॉपमधून कापा, चष्म्यातून नको.

नवी पेठेतल्या दुकानातून घ्यायला माझी ना नाही. स्क्रीन डोळ्यांनी बघूनच घ्यावा असं मला वाटतं. ऑनलाइन भाव दाखवून घासाघीस करा की, त्यात लाजायचं काय? मात्र दोन गोष्टी बोलण्यावर सोडू नका. पहिली, वॉरंटी ‘ऑनसाईट’ आहे की तुम्ही केंद्रात नेऊन द्यायचा, आणि ते केंद्र सोलापुरात आहे की पुण्याला. दुसरी, लॅपटॉपच्या खालचा सीरियल नंबर दुकानातच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून कधीपर्यंत दाखवते ते बघा. पांढरा आणि काळा फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडून ठिपका मेलेला नाही ना, तेही तिथंच बघा. जीएसटीचं पक्कं बिल तुमच्या नावावर घ्या. पुढं काही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथं पहिल्यांदा बिलच मागतात.

आणि जुना कॉम्प्युटर घाईनं भंगारात देऊ नका. टॅलीचं लायसन्स त्याच्यावर चालू असेल तर ते आधी सरेंडर करावं, म्हणजे तिथलं बंद करावं लागतं, मगच नव्या लॅपटॉपवर चालू होतं. सगळ्या कंपन्यांचा बॅकअप घ्या आणि नव्या लॅपटॉपवर एकेक कंपनी उघडून मागच्या महिन्याची शिल्लक जुळते का, ते यजमानांना बघू द्या. ते जुळल्यावर जुन्याची हार्ड डिस्क काढून घरात ठेवा. त्यात दुसऱ्यांच्या कारखान्यांचे हिशेब आहेत. बाकीचा डबा मग भंगारवाल्याला द्या.